रंगीत भाज्यांच्या बियांचा बॉक्स: ढोबळी झकास, 'निळा' टोमॅटो फक्त फोटोत निळा

ऑनलाइन मिळतो ना तो आठ-दहा पाकिटांचा रंगीत भाज्यांचा बॉक्स, सोबत एक गुळगुळीत कार्ड आणि झाकणावर असा फोटो की सगळ्या भाज्या रंगपंचमी खेळून आल्यात, त्याचा हा रिव्ह्यू. विकणाऱ्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण तोच फोटो आणि तेच कार्ड वेगवेगळ्या नावांनी दिसतंय आणि माल एकाच ठिकाणचा असावा असा आपला माझा अंदाज. पुण्यात गच्चीवर ग्रो बॅगेत लावलं, पावसाळ्यात ट्रेमध्ये रोपं केली आणि हिवाळा पकडला. मी बीएस्सी अ‍ॅग्री, प्लांट ब्रीडिंगचे पेपर रात्र रात्र जागून पास झालेला आणि नंतर आमच्या निम्म्या बॅचसारखा बँकेत चिकटलेला, त्यामुळे रिव्ह्यू लांबणार आहे. ज्यांना घ्यायचा की नाही एवढंच पाहिजे त्यांच्यासाठी आत्ताच सांगतो, बी चांगलंय, कार्ड फेकून द्या.

आधी ढोबळी, कारण ह्या बॉक्सला जे एक-एक स्टार मिळालेत त्यातले बरेच ढोबळीवरच आहेत. "लाल-पिवळी सांगून सगळी हिरवीच आली, फसवणूक आहे." अहो ताई, लाल काय आणि पिवळी काय, आधी हिरवीच असते! आपण भाजीवाल्याकडून हिरवी म्हणून घेतो ती कच्ची ढोबळी. तिला झाडावर अजून तीन-चार आठवडे राहू द्या, मग हिरवं द्रव्य मोडत जातं आणि त्या वाणाचा जो खरा रंग असेल तो वर येतो, आधी एका बाजूला चट्टा मग हळूहळू सगळीकडे. आणि हे तीन-चार आठवडेच महाग पडतात. फळ झाडावर अडकून बसलं की झाड वर नवीन फळ धरायला कुरकुर करतं, त्यात ऊन लागून पांढरे डाग पडतात, सड येते, अळी लागते, म्हणून तर शेतकरी रंगीत ढोबळी पॉलिहाऊसमध्ये नाहीतर शेडनेटमध्ये घेतात आणि तिचं बी वजनावर नाही, मोजून विकत घेतात. मॉलमध्ये लाल-पिवळीचा भाव बघून तोंड वाकडं करणाऱ्यांनी एकदा स्वतः पिकवून बघावी.

लाल रंग येतो कॅप्सॅन्थिनमुळे. हे द्रव्य मिरचीवर्गाची खासियत, टोमॅटोचा लाल वेगळा, तो लायकोपीनचा. कॅप्सॅन्थिन बनवायला शेवटच्या पायरीवर एक एन्झाइम लागतं, सीसीएस नावाचं, आणि बऱ्याच पिवळ्या वाणांमध्ये ते बनवणाऱ्या जीनचा तुकडाच गळालेला असतो. म्हणजे गाडी पिवळ्या स्टेशनापर्यंत येते आणि पुढचा रूळच नाही. त्यामुळे लाल प्रभावी, पिवळा अप्रभावी, लाल गुणिले पिवळी केलं तर पहिली पिढी सगळी लाल. १९८५ मध्ये हुर्तादो-हर्नांदेझ आणि स्मिथ ह्या दोघांनी लाल आणि पांढऱ्या मिरचीचा संकर करून दाखवलं की तीन जागांवरचे जीन्स धरले तर लालपासून पांढऱ्यापर्यंत आठ रंग पडतात. आम्हाला परीक्षेला हे यायचं आणि तेव्हा त्या तक्त्याचा मनापासून राग यायचा. केशरीचं प्रकरण जास्त गुंतागुंतीचं, तिथे एकापेक्षा जास्त वाटांनी पोचता येतं, ते सोडा. मुद्दा एवढाच की बॉक्समधली लाल, पिवळी, केशरी तिन्ही फोटोबरहुकूम आली, फळं पॉलिहाऊसमधल्यापेक्षा लहान पण भिंत जाड, गोडी उत्तम.

बॉक्समधलं सगळ्यात भारी पाकीट म्हणजे चॉकलेट ढोबळी. घरच्यांनी पहिलं फळ बघून "सडलंय, काढून टाक" असा निकाल दिला होता. बाहेरून तपकिरी, पॉलिश केलेल्या बुटासारखी चकचकीत, आणि कापली की आतली भिंत लालबुंद. ह्यात तपकिरी नावाचा रंगच नाहीये! पिकताना लाल नेहमीसारखा तयार होतो, पण हिरवं द्रव्य मोडायचं काम करणारा जीन बिघडलेला, म्हणून हिरवं जात नाही, आणि हिरव्यावर लाल चढला की डोळ्याला तपकिरी दिसतं. हाच बिघाड पिवळ्या ढोबळीत आला तर फळ पिकूनही हिरवटच राहतं.

आता ह्यातली खरी गंमत. मेंडेलने १८६६ मध्ये जो वाटाण्याचा पेपर छापला त्यात हिरव्या आणि पिवळ्या दाण्यांचा जो गुण होता, शाळेत आपण सगळ्यांनी घोकलेला, तो जीन नेमका कोणता हे २००७ मध्ये कळलं, आणि तो निघाला हाच, हिरवं द्रव्य मोडणारा. पुढच्याच वर्षी दाखवलं गेलं की ढोबळीचा चॉकलेट रंग आणि 'काळ्या' टोमॅटोचा रंग, दोन्हींच्या मागे त्याच जीनची भावंडं आहेत. म्हणजे मेंडेलच्या वाटाण्यातला घोळ माझ्या गच्चीवर ग्रो बॅगेत लटकत होता. एवढी गोष्ट कार्डावर छापली असती तर लोकांनी शंभर रुपये जास्त दिले असते, पण कार्डावर काय, तर "चॉकलेटचा स्वाद". स्वाद लाल ढोबळीसारखाच आहे, उगाच पोरांना चॉकलेटचं आमिष दाखवून खायला घालू नका.

जांभळी ढोबळी दिसायला सुंदर पण तिच्याबद्दल दोन गोष्टी पाकिटावर असायलाच हव्या होत्या. एक, ती कच्चेपणी जांभळी असते, पिकली की जांभळा उतरून लाल होते, म्हणजे इथे थांबायचं नाही, उलट घाई करायची. दुसरं, शिजवली की जांभळा गायब, भाजी हिरवी. माझ्या बहिणीने पाहुण्यांसाठी थाटात बेसन पेरून केली आणि ताटात आली ती नेहमीचीच पीठ पेरलेली ढोबळी. कारण असं की जांभळा रंग अँथोसायनिनचा, तो पाण्यात विरघळतो आणि उष्णतेने उडतो, लाल-पिवळे रंग कॅरोटीनॉइडचे, ते तेलात उतरतात आणि टिकतात. मिसळीच्या तर्रीचा लाल तवंग म्हणजे तेलात उतरलेलं हेच कॅप्सॅन्थिन. ब्याडगी रंगाला आणि लवंगी झटक्याला हे घराघरात माहीत असतंच, रंगाचे जीन वेगळे आणि तिखटाचे वेगळे म्हणून तर हे शक्य होतं, आणि मसाल्याच्या व्यापारात रंगाला वेगळं माप आहे, आस्टा म्हणतात, त्यावर भाव ठरतो. तर जांभळी फक्त सॅलडला, कच्ची. उभी चिरून वर लिंबू, बास.

टोमॅटोच्या पाकिटांवर मात्र माझा राग आहे. पिवळा ठीक, त्यात लायकोपीनच्या वाटेवरची अगदी सुरुवातीची पायरी बंद असते, जरा फिका लागतो पण कोशिंबिरीत छान दिसतो. काळा म्हणजे वर सांगितलेली चॉकलेटचीच गंमत, मातकट वीटकरी रंग, चव ह्या सगळ्यात एक नंबर. ह्या काळ्यावर एकाने लिहिलंय, "देठाजवळ कच्चाच राहतो, हिरवा दिसतो, क्वालिटी खराब." दादा, तो हिरवा खांदा आहे आणि तो चांगला असतो! जुन्या टोमॅटोंना कच्चेपणी असे गडद हिरवे खांदे असायचे. मग साधारण १९३० च्या आसपास एकसारखी फिकट हिरवी फळं देणारं झाड सापडलं, ते क्रेटमध्ये एकसारखं लाल होतं, तोडणीला सोपं, दिसायला छान, म्हणून ब्रीडर लोकांनी तोच गुण पुढे जवळजवळ सगळ्या व्यापारी वाणांत घातला. २०१२ मध्ये सायन्स साप्ताहिकात छापून आलं की हा गुण म्हणजे फळात हरितकण वाढवणाऱ्या एका जीनचा बिघाड आहे, आणि तो बिघडला की फळ स्वतः जी थोडीफार साखर बनवतं ती कमी होते. म्हणजे आपण इतकी वर्षं एकसारख्या रंगासाठी चव विकली. टोमॅटोला चव राहिली नाही म्हणून आई जे पुटपुटते त्याची कारणं अनेक आहेत, लवकर तोडणी, कडक साल वगैरे, पण हे त्यातलं एक. त्या एक-स्टारवाल्याने मला त्याचे टोमॅटो पाठवून द्यावेत, मी खातो.

आता 'निळा' टोमॅटो. फोटोत मोरपिशी निळा, शाईच्या दौतीत बुडवल्यासारखा. आला तो खांद्यावर काळपट जांभळा, बुडाला लाल, आणि कापला तर आत साधा लाल. बी खोटं नाही हो, फोटो खोटा आहे. असे जांभळे टोमॅटो खरंच आहेत, अमेरिकेत ओरेगन स्टेट युनिव्हर्सिटीने २०१२ मध्ये इंडिगो रोझ नावाचा वाण आणला, त्यात टोमॅटोच्या रानटी भाऊबंदांकडून जीन घेतलेत, साध्या संकराने, आणि त्यात अँथोसायनिन फक्त सालीत बनतं तेही जिथे ऊन पडेल तिथेच. मी एका फळावर कागदाची चिकटपट्टी लावून ठेवली होती, पिकल्यावर काढली तर खाली चौकोनी लाल खिडकी. मुलांना दाखवायला मस्त प्रयोग. आतून-बाहेरून जांभळा टोमॅटोही आहे, तो इंग्लंडात नॉर्विचला कॅथी मार्टिन यांच्या टीमने स्नॅपड्रॅगन फुलाचे दोन जीन घालून केला, २००८ ला जाहीर झाला, पण तो जीएम आहे, म्हणजे संकराने नाही तर प्रयोगशाळेत जीन घालून केलेला, अमेरिकेत २०२२ मध्ये मोकळीक मिळाली आणि २०२४ पासून तिथल्या हौशी बागवाल्यांना बी मिळायला लागलं. आपल्याकडे जीएम भाजीला परवानगी नाही, बीटी वांग्याला फेब्रुवारी २०१० मध्ये जी स्थगिती लागली ती लागलीच. त्यामुळे कोणी आतून जांभळा टोमॅटो म्हणून दोनशे रुपयाला पाच बिया देत असेल तर हात जोडा आणि पुढे व्हा.

टोमॅटोबद्दल अजून एक, हे उन्हाळ्यात लावू नका. पारा तिशीच्या वर राहिला की लायकोपीन बनणं मंदावतं, केशरी द्रव्य मात्र बनत राहतं, म्हणून एप्रिल-मे मध्ये चांगल्या लाल वाणाचा टोमॅटोही पिवळट केशरी दिसतो. लोक म्हणतात बी बनावट. बी तेच, हवामान बदललं.

वांगी! बॉक्समध्ये तीन प्रकारची, काळी-जांभळी, हिरवी आणि पांढरी, आणि आपल्याकडे वांग्याच्या रंगावरून जेवढी भांडणं होतात तेवढी कशावरूनच होत नाहीत. खानदेशातल्या माणसाला भरितासाठी जांभळं वांगं देऊन बघा. जळगावच्या भरीत वांग्याला २०१६ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, ते फिकट हिरवं, आणि आमचा एक जळगावचा कलीग पुण्यातलं जांभळं भरीत खाताना चेहरा असा करतो की जणू उपकार करतोय. राहुरीच्या विद्यापीठाचा फुले हरित वाण आहे तो हिरवा, आणि इकडे मांजरी गोटा जांभळ्यावर पांढऱ्या रेघांचा. बॉक्समधलं हिरवं जळगावच्या जवळपासही नाही, बिया जास्त, भाजल्यावर पाणी सुटतं. भाजीला ठीक.

वांग्याचा रंग दोन थरांचा हिशोब असतो, वर सालीत अँथोसायनिन आणि खाली हिरवं द्रव्य. दोन्ही असतील तर वांगं काळंकुट्ट दिसतं, वरचं असून खालचं नसेल तर गुलाबीसर जांभळं, वरचं नाही खालचं आहे तर हिरवं, आणि दोन्ही नाहीत तर पांढरं. बाजारात उभे असाल तर देठाची हिरवी टोपी नखाने जरा उचलून बघा. खाली पांढरा पट्टा दिसला तर त्या वाणाला रंग यायला ऊन लागतं, टोपीने झाकलेल्या भागाला ते मिळालं नाही. टोपीखालीही जांभळंच असेल तर ते अंधारातही रंगणारं. ह्या बॉक्समधलं काळं वांगं पहिल्या प्रकारचं आहे, म्हणून दाट लावलेल्या झाडात पानांच्या आड वाढलेली वांगी भुरकट राहिली आणि कडेच्या झाडाची चकचकीत. खालची पानं काढत जा, फरक पडतो. पांढरं दिसायला गोड पण तोडायला दोन दिवस उशीर झाला की पिवळं पडतं आणि दाणे करकरायला लागतात.

लाल भेंडी एक ओळीत संपवतो, उगवण चांगली, कोवळी छान, कढईत गेली की हिरवी, कारण तोच अँथोसायनिन. वाराणसीच्या भाजीपाला संशोधन संस्थेची काशी लालिमा आहे तशीच दिसते पण पाकिटावर वाणाचं नावच नाही तर काय सांगणार.

आता कार्डावरची ती ओळ जिच्यामुळे मी हे सगळं लिहायला बसलो. "फळातील बी जपून ठेवा, दरवर्षी हेच रंग मोफत मिळवा." आणि पाकिटाच्या मागे बारीक अक्षरात एफ वन. अरे! एफ वन म्हणजे दोन वेगळ्या आईबापांची पहिली पिढी, तिचं बी धरलं की पुढच्या पिढीत गुण फुटतात. मी मुद्दाम धरलं. काळ्या वांग्याच्या फुलांना बाहेरचा पराग लागू नये म्हणून उमलायच्या आदल्या दिवशीच गिफ्टची जाळीची पोटली बांधली, त्यांचाच पराग झडावा म्हणून सकाळी टिचकी मारली, फळ पिवळं-तपकिरी होईस्तोवर झाडावर ठेवलं आणि बी काढलं. पुढच्या सीझनला बहुतेक झाडं काळी-जांभळी, काही हिरवी आणि एक चक्क पांढरं. पुस्तकी हिशोब ९:३:३:१ (काळी, गुलाबीसर जांभळी, हिरवी, पांढरी), माझ्याकडे कुंड्या मोजक्याच त्यामुळे आकडा जुळवत बसलो नाही, पण पाकिटावर जे काळं वांगं आहे त्याच्या पोटात हिरवं आणि पांढरं लपलेलं होतं हे दिसलंच. लाल ढोबळीच्या बियांतून मात्र सगळी लालच आली, म्हणजे तिचे आईबाप दोघेही लाल असणार, पण आकार पार बिघडला, एक चौकोनी, एक चोचवाली, एक तर भज्याच्या मिरचीसारखी लांब. पिवळीचं बी पिवळाच रंग देतं, अप्रभावी असल्यामुळे तिच्यात लाल लपून बसायला जागा नाही. फक्त शेजारी दुसऱ्या मिरचीची झाडं असतील आणि मधमाश्या फिरत असतील तर पिवळीच्या बियांतूनही लाल झाड निघू शकतं, आणि ती शेजारची तिखट असेल तर पोरं तिखट निघणार, कारण तिखटपणाही प्रभावी. गोड ढोबळी समजून चावली आणि डोळ्यात पाणी, ह्याला विक्रेता जबाबदार नाही हां.

ह्याच संदर्भात अजून एक गैरसमज बऱ्याच जणांनी लिहिलेला दिसतो, "शेजारी लाल झाड होतं म्हणून माझी पिवळी ह्याच वर्षी लाल झाली." नाही होत असं. फळाची भिंत आईच्या झाडाची असते, परागाचा परिणाम आतल्या बियांवर, म्हणजे रंग दिसणार तो पुढच्या पिढीत. ह्याच वर्षी पिवळीच्या जागी लाल आली असेल तर पाकिटात बी मिसळलंय, तक्रार करा, बिनधास्त करा.

आता तक्रार माझी. आपल्याकडे १९६६ चा बियाणे कायदा आहे, पाकिटावर लॉट नंबर, उगवणीची टक्केवारी, चाचणीची तारीख, मुदत असं सगळं लागतं. टोमॅटो-वांग्याला किमान ७० टक्के आणि ढोबळीला ६० टक्के उगवण हे प्रमाणित बियांचं मानक. इथे दोन पाकिटांवर हे होतं, बाकीच्यांवर नुसता फोटो आणि "प्रेमाने पॅक केलेलं". प्रेम नको, तारीख द्या. उगवण प्रत्यक्षात चांगली होती, ढोबळीची थोडी रडतखडत पण ती नेहमीच उशिरा उगवते, थंडीत तर फारच. कस्टमर केअरला लॉट नंबर विचारला तर त्यांनी बॉक्सचा बारकोड पाठवायला सांगितला आणि वर पुढच्या ऑर्डरला दहा टक्के सूट. सूट घेतली, ते काही सोडलं नाही.

स्टार द्यायचेच तर बियांना चार, फोटोला एक, कार्डाला शून्य देता येत असतं तर शून्य. अख्खा बॉक्स घेण्यापेक्षा त्यांच्याकडे पाकिटं सुटी पण मिळतात, चॉकलेट ढोबळी, काळा टोमॅटो आणि पांढरं वांगं एवढी तीन उचला, लाल-पिवळी ढोबळी शेडनेट असेल तरच. आणि मागवण्याआधी पाकिटाच्या मागच्या बाजूचा फोटो मागून चाचणीची तारीख बघून घ्या, मिरचीवर्गाचं जुनं बी उगवणीला फार रडवतं.